विश्लेषण : सॅपर अधिकाऱ्याला शिखर गाठायचे तर पूल बांधणे सोडावे लागते?

जनरल मनोज पांडे ३० एप्रिल २०२२ रोजी २९ वे लष्करप्रमुख झाले, तेव्हा आपल्याकडे कौतुक झाले ते नरवणे यांच्यापाठोपाठ आणखी एक मराठी लष्करप्रमुख म्हणून. खरी नवलाई वेगळी होती. तोवर हे पद पायदळ, चिलखती दल आणि तोफखान्यातील अधिकाऱ्यांकडेच गेले होते. कोअर ऑफ इंजिनीअर्सचा अधिकारी त्या खुर्चीवर प्रथमच बसला. पांडे जून २०२४ मध्ये निवृत्त झाले. पण एका नियुक्तीमुळे दार कायमचे उघडले, असे मानणे घाईचे ठरेल.

अभियंता अधिकारी नेमके काय करतो?

आपल्या रणगाड्यांना वाट करून देणे आणि शत्रूची वाट अडवणे, हे युद्धातले काम. सुरुंग काढणे, पेरणे, नदीवर पूल टाकणे हे त्यातच आले. शांततेच्या काळात जवानांच्या घरांपासून धावपट्ट्यांपर्यंतची बांधकामे आणि सीमा रस्ते संघटनेतील नेमणुका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, रुरकीचे बेंगॉल सॅपर्स आणि बंगळूरुचे मद्रास सॅपर्स हे या कोअरचे तीन गट. प्रशिक्षण पुण्याजवळ दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात होते.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबार सुरू असताना, जखमी अवस्थेत त्यांनी सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाडे पुढे नेले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. शिपाई म्हणून भरती झालेले राणे निवृत्त झाले ते मेजर म्हणून.

बढतीची वाट कुठे फुटते?

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवाकालानुसार मिळते. कर्नलपासून पुढे निवड मंडळाची चाळणी लागते आणि ती दर पायरीवर बारीक होत जाते. ब्रिगेडियर पदाच्या टप्प्यावर अभियंता अधिकाऱ्यांसमोर दोन वाटा असतात. काहींची निवड ‘जनरल केडर’मध्ये होते, म्हणजे ते इतर दलांच्या तुकड्यांचेही नेतृत्व करू शकतात. बाकीचे आपल्याच शाखेत वर चढतात. तिथले सर्वोच्च पद म्हणजे इंजिनीअर-इन-चीफ, लेफ्टनंट जनरल दर्जाचे. मान मोठा, पण लष्करप्रमुखपदाकडे जाणारी वाट ही नव्हे.

पांडे यांची कारकीर्द पाहा. ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये पल्लनवाला भागात ११७ इंजिनीअर रेजिमेंट, मग अभियंता ब्रिगेड. त्यानंतर नियंत्रण रेषेवरील पायदळ ब्रिगेड, पश्चिम लडाखमध्ये पर्वतीय डिव्हिजन, ईशान्येत कोअर, अंदमान-निकोबार कमांड, पूर्व कमांड. अभियांत्रिकी अर्ध्या वाटेवरच मागे राहिली.

याआधी कोणी इतके जवळ गेले होते?

हो, लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंह भगत. तेही बॉम्बे सॅपर्सचेच. १९४१ मध्ये अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत त्यांनी सलग चार दिवस, सुमारे ५५ मैलांच्या पट्ट्यात १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. गाडी दोनदा उडाली, कानाचा पडदा फाटला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे उत्तर कमांडचे प्रमुख झाले. पण १९७४ मध्ये जनरल गोपाळ बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि भगत लष्करप्रमुख न होताच निवृत्त झाले. त्यानंतर या शाखेला जवळजवळ अर्धशतक थांबावे लागले.

मग अडचण कशाची?

मान-अपमानाची नाही. अडचण आहे ती व्यवस्था तरुण अधिकाऱ्याला देत असलेल्या संदेशाची : वर जायचे असेल तर पूल, बोगदे लवकर सोड. २०२० नंतर लडाखमध्ये रस्ते आणि बोगदे हीच आघाडी झालेली असताना हा संदेश परवडणारा नाही. अटल बोगद्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि उद्घाटन २०२० मध्ये. सेरी नाल्याच्या ठिसूळ खडकाने आणि पाण्याने मधली वर्षे खाल्ली. लष्करातील नेमणूक असते साधारण दोन-तीन वर्षांची. म्हणजे खडकाचा स्वभाव कळू लागतो तोवर अधिकाऱ्याच्या हाती बदलीचा हुकूम पडतो. मोठ्या प्रकल्पावर त्याला सहा-सात वर्षे राहू द्यावे आणि त्या वर्षांचे वजन निवड मंडळापुढे पायदळ ब्रिगेडच्या नेतृत्वाइतकेच धरावे. हे अवघड आहे, कारण युद्धात तुकडी हलवण्याचा अनुभव बोगद्यात मिळत नाही, हा आक्षेप खोटा नाही. तरीही प्रत्येक अभियंत्याला एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही.

महिला अधिकाऱ्यांचे काय?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये वायनाडच्या चूरलमला येथे मद्रास सॅपर्सनी १९० फुटी बेली पूल उभा केला. त्या पथकात अहिल्यानगर जिल्ह्यातील मेजर सीता शेळके यांचे काम देशाने पाहिले. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महिलांना स्थायी कमिशन आणि अभियंता तुकड्यांचे नेतृत्वही मिळू लागले आहे. मात्र पांडे ज्या वाटेने वर गेले ती पायदळ ब्रिगेडवरून जाते, आणि पायदळ महिलांना अजून खुले नाही.