पाहुणपणात औषधाला खंड नको

साठी ओलांडलेल्या आपल्या माणसांचे वर्ष आता दोन-तीन गावांत वाटलेले असते. मूळ घर विदर्भात किंवा मराठवाड्यात, थोरला पुण्याला, लेक कल्याणला, धाकटा नागपुरात. मुले शिकून बाहेर पडली याचा आनंद आहेच. त्यासाठीच आईबापांनी हाडाची काडं केली. पण मुले गेली तिथे आईबापांनाही जावे लागते. उन्हाळ्यात नातवंडांना भेटायला, लेकीच्या बाळंतपणाला, पुतण्याच्या लग्नाला, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर. या जाण्या-येण्यात मागे राहते ते त्यांचे चालू असलेले औषध.

आमचे म्हणणे असे आहे, की भेटीगाठी मुळीच कमी करू नयेत. म्हातारपणी माणसांचा सहवास हवाच. मात्र भेटीची तारीख ठरवताना आधी औषध, तपासणी आणि पथ्य यांचा विचार व्हावा, आणि तो घरातल्या कमावत्या मुलांनी करावा. आज हे सारे त्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर आणि संकोचावर सोडलेले आहे.

खंड कसा पडतो ते पाहा. सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या साधारण महिनाभराच्या गोळ्या मिळतात. मुक्काम मात्र दोन महिन्यांचा असतो. गोळ्या संपल्या की मुलाला सांगायला जीभ रेटत नाही. खोलीचे भाडे, मुलांची फी, त्यात आपले दुखणे कुठे, असे वाटते. मग ‘गावी गेल्यावर आणू’ असे मनाशीच ठरते. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही दुखत नाही, त्यामुळे गोळीवाचून बरेच चालले आहे असा समज होतो. आत दाब चढलेलाच राहतो आणि अर्धांगवायूचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. काही गोळ्या तर अशा असतात, की अचानक थांबवल्या तर दाब पूर्वीपेक्षा जास्त उसळतो. तीसपस्तीस रुपयांच्या गोळ्या मागायचा संकोच असा महागात पडू शकतो.

याच्या उलटही घडते. मुलगा काळजीने जवळच्या डॉक्टरांना दाखवतो. ते तेच औषध दुसऱ्या कंपनीचे लिहून देतात. पाकीट वेगळे, रंग वेगळा, म्हणून आजी गावची गोळीही घेते आणि शहरातलीही. एकच औषध दुप्पट पोटात जाते आणि उठताना चक्कर येऊन आजी पडते. म्हणून निघताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा सोबत घ्यावीत. कंपनीचे नाव बदलते, पण औषधाचे मूळ नाव पाकिटावर छापलेले असते. नातवाने ते मोबाईलवर टिपून ठेवावे. घरात दहावी शिकलेले एक मूल असले तरी हे काम होते.

प्रवासाचा दिवस वेगळा सांभाळावा लागतो. आपल्या बायाबापड्या एसटीने निघायच्या दिवशी लघवीची गोळी घेत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छ मुतारी मिळेल याची खात्री नसते. त्यांना रागावण्यात अर्थ नाही, त्यांची अडचण खरी आहे. पण उन्हाळ्यात दिवसभर पाण्यावाचून बसल्याने गळाठा येतो आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना दोन दिवस आधी विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. जास्त थांबे घेणारी गाडी निवडावी, आणि लांबचा प्रवास असेल तर शौचालय असलेल्या रेल्वेने जावे. थांब्यावर उतरून चार पावले चालावे, म्हणजे पाय सुजत नाहीत.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे बरळल्यासारखे होते. लग्नाघरी पंगत बसायला दुपारचे तीन वाजतात, तिथे हे हमखास होते. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी आणि मग जेवण द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा. आपल्याला साखरेचा आजार आहे असे यजमानांना सांगून आधी पान मागून घेण्यात कमीपणा नाही. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली उन्हापासून जपून सावलीत ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. कडक उन्हाळ्यात ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ठेवावी. बर्फाला मात्र चिकटू देऊ नये.

आता बाळंतपणाकडे वळू. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण आले की साठी-पासष्टीची आई तीन महिने शहरात जाते. पहाटे पाणी तापवणे, बाळाला न्हाऊ घालणे, रात्रीची जागरणे. तिचे गुडघे आणि तिचा रक्तदाब कोणाच्या हिशेबात नसतो. मोतीबिंदूची तारीख मिळालेली असते, ती ‘बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर’ म्हणून पुढे जाते. स्त्रीच्या श्रमाची किंमत मोजायला आपण शिकलो आहोत असे आपण सभांत सांगतो. मग घरातल्या आईच्या श्रमाचाही विचार व्हायला हवा. तिला बोलवायचे असेल तर तिची तपासणी आधी करून घ्यावी, तिचा दुपारचा आराम ठरवून द्यावा, आणि जावयाने, मुलाने कामाचा वाटा उचलावा. आजी बाळाच्या अंगाला तेल लावते आणि तिच्याच पायाला सूज असते, हे चित्र आपल्या घरात नको.

दुसरी बाजू आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांची. माणूस दवाखान्यातून घरी आला की नातलग, वस्तीतली मंडळी, विहारातले सोबती येतात. हा आपला मोठा आधार आहे. पण तीन-तीन तास गप्पा, मधुमेहाच्या माणसासाठी पेढ्यांचा पुडा, सर्दी झालेली लहान मुले सोबत, याने रुग्ण थकतो आणि त्याला लागण होऊ शकते. अर्धा तास बसावे आणि जाताना एक काम घेऊन जावे. रक्ताचा अहवाल आणायचा असेल, औषध आणायचे असेल, रात्री रुग्णाजवळ कोणी बसायचे असेल, ते विचारावे. आणि ‘आज बरे वाटत नाही, उद्या या’ असे रुग्णाने सांगितले तर त्याचा राग धरू नये.

सवलतींची माहिती ठेवा. राज्यात एसटीचा प्रवास ७५ वर्षांपुढे मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयात अर्ध्या तिकिटात. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ती पुन्हा सुरू करावी, असे आम्हाला वाटते. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतल्या परगावच्या रुग्णालयातही ते चालते. मात्र रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, म्हणून सरकारी दवाखान्यांनी परगावी जाणाऱ्या ज्येष्ठांना मागितल्यावर दोन महिन्यांचे औषध द्यावे, ही आमची मागणी आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही घराघरात लिहून ठेवावा.

शेवटी तरुणांना सांगणे आहे. आईबाबांना दर वेळी आपल्याकडे बोलवण्यापेक्षा वर्षातून दोनदा आपणच गावी जा. गेलात की त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा, त्यांच्यासोबत दवाखान्यात जा, डॉक्टरांशी बोला. येताना ‘गोळ्या संपल्या तर मला सांगायचं, लाजायचं नाही’ एवढे तोंडाने सांगून या. अनेक घरांत हे वाक्य आजवर कोणी उच्चारलेलेच नाही. आणि फोनवर ‘जेवलात का’ विचाराल, तेव्हा ‘गोळी घेतली का’ हेही विचारा.