चिठ्ठीतील छत्तिसावा दात

मनुष्याला दात बत्तीस असतात, हे शाळेतले पोरही सांगेल. असे असता दंतवैद्याने दिलेल्या कागदावर '३६' किंवा '४६' असा आकडा पाहून आपल्याकडील माणसे बुचकळ्यात पडतात, विचारावयाचा संकोच करितात आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवितात. हा संकोच पुष्कळदा दातावरच बेततो. कोणता दात काढावयाचा, कोणता वाचवावयाचा, किती खेपा घालावयाच्या, हे सारे त्या कागदावरील चार-दोन शब्दांत असते आणि ते न कळताच आपण मान डोलावतो. म्हणून, वाचकहो, आज त्या शब्दांविषयीच लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम आकड्याचे गूढ. दंतवैद्य तोंडाचे चार भाग कल्पितात. रोग्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूचा वरचा भाग पहिला, डावीकडील वरचा दुसरा, डावीकडील खालचा तिसरा व उजवीकडील खालचा चौथा. प्रत्येक भागात समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजीत जावयाचे. पटाशीचे दोन, तिसरा सुळा, चौथी व पाचवी उपदाढ, सहावी आणि सातवी दाढ, आठवी अक्कलदाढ. तेव्हा '३६' म्हणजे छत्तिसावा दात नव्हे, तर तिसऱ्या भागातील सहावा होय. '४६' ही तीच दाढ, परंतु उजवीकडची. दुधाच्या दातांच्या भागांना पाचपासून आठपर्यंतचे आकडे दिलेले असतात. दुखणे डावीकडे आणि कागदावर ४६ असे दिसले, तर खुर्चीत बसण्यापूर्वी शांतपणे विचारावे. खालच्या दाढेची कळ वरच्या दाढेत जाणवू शकते. परंतु ती सहसा डावीकडून उजवीकडे जात नाही.

या सहाव्या दाढेविषयी आईबापांनी विशेष सावध असावे. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या सर्व दातांच्या मागे ती गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरात तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही.

आपल्या सीमाभागात भाषेचीही एक गंमत आहे. बेळगावच्या दवाखान्यात मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषा एकाच वेळी कानी पडतात. कन्नडात दात म्हणजे 'हल्लु' आणि हिरडी म्हणजे 'वसडु'. (उच्चार जपावा, 'हुल्लु' म्हटल्यास गवत होते.) किडलेल्या दाताला 'हुळुकु हल्लु' म्हणतात आणि 'हुळ' म्हणजे किडा. म्हणजे दातात किडा शिरतो, ही समजूत दोन्ही भाषांनी आपल्या पोटात जपली आहे. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ सालीच आपल्या ग्रंथात या किड्यास नकार दिला होता. पुढे १८९० साली मिलर या संशोधकाने खरे कारण ग्रंथरूपाने मांडले. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिष्ट पदार्थांचे आम्ल बनवितात आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते. बियांची धुरी देऊन 'किडे' पाडून दाखविणारे लोक खेड्यांतून फिरत, त्यांनी दाखविलेले किडे दातातले खासच नव्हते.

आता उपचारांचे शब्द. कीड किती खोल गेली यावर ते ठरतात. वरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, किंवा त्याखालच्या थरात कीड असेल तर 'फिलिंग' पुरते. आपण त्याला सिमेंट भरणे किंवा चांदी भरणे म्हणतो. त्या चांदीत जवळजवळ निम्मा पारा असतो. आता दाताच्या रंगाचे 'कंपोझिट' अधिक वापरले जाते.

कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडविणारी कळ सुरू होते आणि कागदावर 'आर.सी.टी.' अशी अक्षरे येतात. हेच रूट कॅनाल. या शब्दाची धास्ती पुष्कळांना वाटते, पण अर्थ साधा आहे. दात न काढता आतील सडलेली नस काढावयाची, मुळांतील बारीक नळ्या सुयांसारख्या कानशींनी साफ करावयाच्या आणि 'गट्टापर्चा' नावाच्या, मलाया प्रदेशातील वृक्षाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाने त्या बंद करावयाच्या. खरी चूक येथेच घडते. पहिल्याच खेपेस नस निघाली की कळ थांबते, मग एस.टी.चे भाडे व बुडणारी रोजंदारी यांचा हिशेब करून माणूस पुन्हा फिरकत नाही. वर भरलेला मसाला तात्पुरता असतो. तो झिजून निघतो, आत पुन्हा घाण शिरते आणि काही महिन्यांनी गाल सुजवून तोच रोगी तोच दात काढावयास येतो. 'टेंपररी' हा शब्द ऐकला की काम अर्धेच झाले आहे असे समजावे. मोठ्या दाढेवर शेवटी 'क्राऊन', म्हणजे कॅप, बसवावी लागते, कारण पोखरलेली दाढ भाकरीचा कडक पापुद्रा चावतानाही तडकू शकते. कॅपचा खर्च पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. तो शेवटी कळला की उपचार अर्धवट राहतात.

'स्केलिंग' म्हणजे दातांवर साचलेला दगडासारखा थर काढणे. त्याने दात हलू लागतात, हा आपल्याकडील दृढ गैरसमज आहे. हिरडी आधीच खाली सरकलेली असते आणि ती फट त्या थराने झाकलेली असते, इतकेच. निपाणीची पेठ तंबाखूवर वाढली. तिच्या वखारींत राबलेल्या कितीतरी मायबहिणी तंबाखू तव्यावर काळी भाजून केलेल्या मिश्रीनेच दात घाशीत आल्या. मिश्री लावली की ठणका दबल्यासारखा वाटतो आणि दवाखान्याची वाट लांबते. आजार मात्र वाढतच असतो.

म्हणून आणखी एका शब्दाला भिऊ नये. मिश्री किंवा तंबाखू ठेवण्याच्या जागी पांढरा अथवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण राहिला किंवा तोंड उघडणे कमी झाले, तर डॉक्टर 'बायोप्सी' सांगतील. याचा अर्थ कर्करोग झालाच असा नव्हे. चट्ट्याचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, इतकाच. सुरी लागली की रोग पसरतो, या ऐकीव गोष्टीने किती माणसे घरीच बसून राहिली!

बेळगावात के.एल.ई. संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंतमहाविद्यालय आहे आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंतमहाविद्यालयही आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करितात. वेळ अधिक लागतो, पण खर्च सहसा कमी येतो. येथे दारावरील पाट्या समजल्या की निम्मी वणवण वाचते. 'ओरल मेडिसिन' येथे पहिली तपासणी व क्ष-किरणचित्र, 'एन्डोडॉन्टिक्स' येथे फिलिंग व रूट कॅनाल, 'पेरिओडॉन्टिक्स' हिरड्यांसाठी, 'प्रॉस्थोडॉन्टिक्स' कवळी, ब्रिज व कॅप यांसाठी, 'पेडोडॉन्टिक्स' मुलांसाठी. 'ओरल सर्जरी' येथे दात काढितात. सरळ या शेवटच्या दाराशी जाऊन 'काढून टाका' म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी एवढेच विचारावे, 'साहेब, हा वाचण्यासारखा आहे का?'

दात काढावाच लागला, तर मधुमेह, हृदयविकार व रक्त पातळ करणारी गोळी यांविषयी आधी सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. नंतर कापसाचा बोळा सांगितला असेल तितका वेळ घट्ट चावून धरावा. पहिले चोवीस तास चूळ खळखळून भरू नये व थुंकत राहू नये, कारण खड्ड्यात गोठलेले रक्त हेच त्या जखमेचे झाकण असते. ते निघून गेले की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ उठते. डॉक्टर तिला 'ड्राय सॉकेट' म्हणतात, आणि तेव्हा घरगुती लवंगेवर न विसंबता पुन्हा त्यांच्याकडेच जावे. विडी त्या दिवसांत वर्ज्य, आणि मिश्री तर नाहीच नाही.