प्रश्नपरीक्षा यंत्रावर सोपवू नये

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘स्कॅन अँड शेअर’ सेवेत रुग्णाने बाह्यरुग्ण विभागातील क्यूआर कोड मोबाईलवर टिपून संमती दिली की ‘आभा’ खात्यातील नाव, वय, पत्ता नोंदणीकक्षास पोहोचतो व टोकन मिळते. नांदेड-लातूरच्या खेड्यांतून पहाटे निघालेल्या रुग्णाची रांग यामुळे टळत असेल, तर या सेवेचे स्वागतच करावे. मात्र मोबाईल नसलेल्यांसाठी खिडकी उघडी असावी.

परंतु हाच न्याय लावून, रुग्णाने भरलेल्या प्रश्नावलीवरून प्रकृती व औषध परस्पर ठरविणे सर्वथा अनुचित होय. ‘भूक लागते’ एवढे उत्तर यंत्रास पुरते. वैद्य मात्र आहार जीर्ण झाल्याची लक्षणे विचारतो, जिव्हा पाहतो, नाडी धरतो. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तिन्ही परीक्षा परस्परावलंबी आहेत. नोंदणीत वाचलेला वेळ वैद्यबांधवांनी रुग्णाचे ऐकण्यात वेचावा.