संदर्भसूचीत न मावणाऱ्या बाया



शास्त्रज्ञाचं मोठेपण मोजण्याची एक रीत आहे. त्याचे शोधनिबंध किती छापले गेले आणि इतर संशोधकांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, हे मोजायचं. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यासाठी ‘एच-निर्देशांक’ सुचवला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ मिळाले, त्याचा निर्देशांक वीस. नेमणुका, अनुदानं, मानसन्मान ठरताना असे आकडे बघितले जातात.

या मोजपट्टीवर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं मधुमेहावरचं काम जगभर मान्यता पावलेलं आहे, आणि ते रास्तच आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी व सहकाऱ्यांनी मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. २००३ च्या निबंधात तिथल्या ६३१ बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी केली होती. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचं ३.५ किलो. पण आपली बाळं हडकुळी असली तरी त्यांची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. सडपातळ माणसांनाही आपल्याकडे मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा असा गर्भापर्यंत पोचला. पुढे शेकडो निबंधांनी या शोधाचा आधार घेतला.

मला बोलायचं आहे ते याच्यापलीकडच्या हिशोबाबद्दल. हे सारं ज्ञान गरोदरपणात रक्त देणाऱ्या, वजन-मापं करून घेणाऱ्या, ‘काय खाल्लं, काय काम केलं’ याची उत्तरं देणाऱ्या सुमारे आठशे बायांवर उभं आहे. त्यांची नावं गुप्त राहणं योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्यातलं नेमकं काय आपल्यापर्यंत पोचलं?

याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव व सहकाऱ्यांनी बायांचं खाणं आणि कामही मोजलं. २००१ च्या निबंधात दूध, पालेभाज्या आणि फळं खाण्याचा बाळाच्या वाढीशी संबंध दिसला. २००३ च्या निबंधात त्यांनी दाखवलं की गरोदरपणात ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त, त्यांच्या बाळांचं वजन सरासरीने कमी. शेतातलं काम, पाणी आणणं, धुणं हे विज्ञानाच्या तक्त्यात आलं! आपली चळवळ वर्षानुवर्षं जे सांगत आली, त्याला हा मोजलेला पुरावा आहे.

पण गावात उतरताना त्याचा उपदेश होतो: ‘बाई, नीट खात जा.’ शिरवळला कंपन्या आल्या. आमच्या बैठकीला येणाऱ्या कितीतरी जणी पाळी करून घरी येतात आणि पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात. गरोदरपणात एखादीची साखर वाढली की घरातून ऐकू येतं, ‘तूच पथ्य पाळलं नाहीस.’ हंडा कोणी उचलायचा, दूध कोणाच्या ताटापर्यंत पोचायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. आईच्या पोटावरचं संशोधन आईवरचा आरोप होऊ नये, ही आपली जबाबदारी आहे.

दुसरी गोष्ट. २००८ च्या निबंधात या मातांपैकी दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. म्हणून लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या सोडू नका, त्यांची गरज आहेच. पण त्यांच्या जोडीला बी-१२ चं काय, हे आरोग्य केंद्रात जरूर विचारा. खुद्द संशोधकांनी २०१२ पासून त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. ज्यांच्याकडून घेतलं, त्यांच्याकडे परत जाण्याची ही वाट आहे.

म्हणून आपल्या गटांनी गावात येणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला तीन प्रश्न विचारावेत. निष्कर्ष मराठीत, चावडीवर सांगाल का? बाईच्या कामाचा बोजा मोजाल का? आणि उपाय सांगताना नवऱ्याला, सासूला, ग्रामपंचायतीला समोर बसवाल का?

संदर्भांची संख्या वाढत राहो. त्याबरोबर बायांच्या डोक्यावरचा हंडाही खाली उतरायला हवा. तुमच्या भागात असा अभ्यास झाला असेल, तर जरूर लिहून कळवा.

तुमची मैत्रीण