डोलकाठीच्या पायथ्याशी

पावसाळा सरत आला की मांडवी-झुवारीच्या काठच्या होड्यांवरील ताडपत्र्या निघू लागतात, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही होड्या डोकावू लागतात. यंदा दोनापावलकडील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्यापाशी अठरा फुटांची, फायबरग्लासची शिडाची होडी आहे. तिची डोलकाठी केबिनच्या छपरावर एका पोलादी बैठकीत उभी राहते. त्या बैठकीभोवती आता केसासारखे बारीक तडे दिसू लागले असून दोन स्क्रूंखालून तपकिरी ओघळ उतरले आहेत. वरून सीलंट भरून हा मोसम निभावून नेता येईल काय, असे ते विचारतात. दिवाळीच्या सुटीत त्यांची कन्या आणि भाचा होडी घेऊन जाणार आहेत.

निभावून नेऊ नये, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. कारणे आता पाहू.

कोकणच्या पारंपरिक मचव्याची डोलकाठी होडीच्या पोटात शिरून थेट तळाच्या कण्यावर टेकते. तिचा भार लाकडाच्या सर्वांत भक्कम भागावर पडतो. नव्या लहान होड्यांत मात्र डोलकाठी वरच्यावर बसवितात. पुलाखालून जाताना किंवा गाडीवर चढविताना ती आडवी करता यावी, ही त्यातील सोय. परंतु सोयीबरोबर भारही छपरावर आला. डोलकाठीचे वजन ते काय, पंधरा किलो, असे म्हणून चालत नाही. शिडावर साठ किलोचा आडवा रेटा बैठकीपासून तीन मीटर उंचीवर पडत आहे आणि बाजूची ताणतार डोलकाठीपासून एक मीटर अंतरावर जखडली आहे, असे धरा. तराजूच्या साध्या न्यायाने त्या तारेला एकशेऐंशी किलोंनी खाली ओढावे लागते, आणि तेवढाच दाब डोलकाठीच्या पायाखाली पडतो. तारा मुळात आवळलेल्या असतात, तो ताण निराळाच. वारा झोडपू लागला म्हणजे हा दाब क्षणोक्षणी कमीजास्त होत राहतो, आणि स्क्रूची पकड ढिली होते ती यामुळेच.

पण खरा शत्रू वारा नव्हे, पाणी. फायबरग्लासचे छप्पर बहुधा भरीव नसते. दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड घातलेले असते. पोळीत पुरण असावे तसे. सीलंट म्हातारे झाले की स्क्रूच्या भोकावाटे पाणी या पुरणात शिरते. वरून सारे चकचकीत, आणि आत लाकडाचा लगदा! कलिंगड घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसे नाण्याने बैठकीभोवती ठोकत जावे. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत कुजले आहे असे समजावे. अशा वेळी वरून सीलंट लावणे म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणे होय.

तपकिरी ओघळांचे कारणही तेच. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते अंगावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकण्यास प्राणवायू लागतो. ओल्या, बंद भोकात प्राणवायू पोहोचत नाही. वर डोके लखलखीत असलेला स्क्रू मधोमध सुईएवढा उरलेला निघतो तो यामुळे. नवे बोल्ट ३१६ प्रतीचेच मागावेत. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा अधिक तग धरतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवील, त्यावर विसंबू नये. या दोन्ही प्रतींना चुंबक बहुधा धरत नाही, त्यामुळे त्यांतील भेद त्याने कळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. डोलकाठी उतरविताना तिघे जण तरी हवेत, आणि सर्वांत आधी मान वर करून पाहावे. अॅल्युमिनियमची डोलकाठी विजेच्या तारेला लागली तर पुढचे काही सांगण्यासारखे उरत नाही. बैठकीचे स्क्रू हटून बसले असतील तर डोक्यावर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री क्षणभर टेकवावी. सीलंट मऊ पडते. बैठक निघाल्यावर भोकांत वाकडी तार फिरवून पाहावी. ओला चुरा निघाला तर वरचा थर कापून, कुजलेला भाग खरवडून, पूर्ण वाळवून नवे लाकूड इपॉक्सीत बसवावे लागते. हे काम हौशी माणसाने एकट्याने अंगावर घेऊ नये, असे माझे मत आहे. होडीबांधणीचा जाणता कारागीर गाठावा. केबिनच्या आत, बैठकीच्या बरोबर खाली, भार तळाशी नेणारा खांब किंवा आडभिंत असते. तिचा पायथाही त्याच वेळी पाहून घ्यावा.

आतले लाकूड कोरडे असेल तर मात्र काम घरचे आहे. बोल्ट सहा मिलिमीटरचा असेल तर भोक बारा मिलिमीटरचे करावे, खालून चिकटपट्टी लावून ते दाट इपॉक्सीने भरावे आणि ती घट्ट झाल्यावर तिच्या मधोमध सहाचे भोक पाडावे. म्हणजे पुढे सीलंटने दगा दिला तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. इपॉक्सी थोडी थोडी कालवावी. मोठा गोळा आपोआप तापतो आणि हातातच दगड होतो. हवा दमट असेल तर वर मेणचट पापुद्रा येतो, तो साध्या पाण्याने धुवावा. दसऱ्यानंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालून खाली रुंद धातूची पट्टी द्यावी. भोकाच्या तोंडाला किंचित खोलगट कड काढावी, म्हणजे सीलंटचे कडे तेथे टिकून राहते. स्नानगृहातील सिलिकोन येथे नको. पॉलियुरेथेनचे चिकट सीलंट इतके धरते की पुढच्या वेळी बैठकीबरोबर छपराचा थरही उचकटून येतो. पॉलिसल्फाइड किंवा ब्युटिलची पट्टी बरी. पहिल्या आवळण्यात सारे सीलंट पिळून काढू नये.

डोलकाठीच्या पायाखाली नाणे ठेवण्याची चाल फार जुनी आहे. लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स येथे १९६२ साली सापडलेल्या रोमन जहाजात डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनच्या काळातील नाणे होते आणि त्यावर भाग्यदेवतेची प्रतिमा होती. आपणही घराच्या पायात नाणे पुरतोच! वाचकांच्या कन्येची इच्छा असल्यास जरूर ठेवावे. मात्र बैठकीतील पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र त्याने बुजू देऊ नये.

तारा पुन्हा ताणल्यावर पहिली फेरी मंद वाऱ्यात, काठाजवळच करावी. परतल्यावर केबिनमध्ये शिरून प्रत्येक नटावर पाना लावून पाहावा आणि बोल्टभोवती कोरडा कागद फिरवावा. तो कोरडा निघाला तर दिवाळीत मुलांच्या हाती होडी द्यावयास हरकत नाही.