रिक्षाचं भाडं दोनदा कशाला?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा रिचार्जवरच जास्त चर्चा रंगली. जुलै २०२४ मध्ये मोबाइलचे दर वाढले. जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. घरात तीन-चार फोन असले की महिन्याचं गणितच कोलमडतं. एकीने विचारलं, "ताई, एवढे पैसे आपण भरतो, मग या कंपन्या आणखी कोणाकडे मागतात म्हणे?"

प्रश्न रास्त आहे. मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय हिने २०२३ मध्ये मागणी लावून धरली, की ज्यांच्या व्हिडिओंनी जाळ्यावर सर्वाधिक भार पडतो, त्या बड्या कंपन्यांनी खर्चात वाटा उचलावा. टॉवर आम्ही उभारायचे, स्पेक्ट्रमचे पैसे सरकारला आम्ही मोजायचे आणि कमाई मात्र यांनी करायची, हे त्यांचं दुखणं.

ऐकायला पटतं. पण व्हिडिओ आपणहून फोनवर येतो का? आपण बोट लावतो तेव्हाच येतो, आणि त्याचे पैसे रिचार्जमध्ये आपण आधीच भरलेले असतात. शिवाय यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आपले व्हिडिओ ग्राहकाच्या जवळ साठवून ठेवण्यावर स्वतःही खर्च करतात.

आपल्या संभाजीनगरचंच उदाहरण घ्या. समजा, वेरूळला आलेल्या पाहुण्यांना रिक्षावाल्याने हिमरू शालींच्या दुकानात नेलं. भाडं पाहुण्यांनी दिलं. वर त्याने दुकानदाराकडूनही कमिशन घेतलं, तर ते शेवटी चढणार शालीच्या किमतीतच. आणि जो कमिशन देणार नाही, त्याच्या दाराशी रिक्षा थांबायची नाही, मग शाल कितीही सुरेख असो!

दक्षिण कोरियात असा वाद कोर्टात गेला. एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स यांचं भांडण सप्टेंबर २०२३ मध्ये तडजोडीने मिटलं. पण ट्विच या व्हिडिओ सेवेने जाळ्याचं शुल्क परवडत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातून गाशा गुंडाळला. नुकसान तिथल्या प्रेक्षकांचं आणि त्यावर पोट असणाऱ्यांचं झालं.

आपल्यालाही याचा अनुभव आहे. पूर्वी एका कंपनीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर कॉल गेला, की पहिलीने दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने ते ग्राहकांकडून घ्यायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२१ पासून हे शुल्क शून्य झालं, तेव्हा सुटका झाली. भांडण कंपन्यांचं, खिसा आपला!

मला बड्या कंपन्यांचा कळवळा नाही, त्या आपलं पाहून घेतील. काळजी वाटते ती यूट्यूबवर रेसिपी दाखवणाऱ्या वहिनींची आणि मोबाइलवर पापड-लोणच्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या बायकांची. आज बड्यांकडून घेतलेला टोल उद्या लहानांच्या दारात येणार नाही, याची हमी कोण देणार? त्यातून रस्ता ज्यांचा, दुकानही त्यांचंच असलं तर? जिओचं जाळं आणि जिओहॉटस्टार एकाच उद्योगसमूहातले आहेत, हे विसरून कसं चालेल?

खेड्यापाड्यात टॉवर हवेत आणि त्यांना पैसा लागतो, हे मान्य. पण तो कोणाकडून किती घ्यायचा, हे सरकारने उघडपणे ठरवावं, कंपन्यांनी आपसात नव्हे.

मैत्रिणींनो, हा विषय पुरुषांवर सोडू नका. २०१५ मध्ये लाखो सामान्य लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेबसाइट पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. ट्राय एखाद्या प्रश्नावर जनतेची मतं मागवते, तेव्हा आपलंही मत लिहून पाठवा. रिचार्ज आपण भरतो, तर बोलायचा हक्कही आपलाच आहे.