फोकस नावाचं भांडण

माझं स्पष्ट मत आहे की स्वस्तातल्या स्कोपबद्दल घराघरांत होणारी अर्धी भांडणं ही मराठीत (आणि इंग्रजीतही) 'फोकस' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरल्यामुळे होतात. 'फोकस जात नाही' असं म्हटलं की दुकानदार म्हणतो महागातला घ्या, पोरं म्हणतात तुमचे डोळे गेले आणि ज्याची बंदूक आहे तो म्हणतो माल डिफेक्टिव्ह आहे. तिघंही आपापल्या जागी ठाम.

मंडळी, बंदूक म्हटल्यावर दचकू नका. आत्या, तू तर अजिबातच नको! छऱ्याची एअर रायफल आहे, गच्चीवर दहा मीटरवर जुन्या गोधड्या भरलेला खोका, त्याच्यामागे भिंत आणि खोक्यावर कागदाचं टार्गेट. पक्ष्यांवर कोणीही नेम धरत नाही.

रायफल आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या काकांची. कोल्हापूर. शाळेत पी.टी.चे मास्तर होते, एनसीसीत असताना पॉइंट टू-टूने नेमबाजी केलेली, आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर बोलतील असा माणूस. २०१० साली तेजस्विनी सावंतने म्युनिकला जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हा पेढे तर वाटलेच, वर माळ्यावरची एअर रायफल खाली काढली. आणि मग लक्षात आलं की माशी दिसत नाही.

साध्या बंदुकीवर नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट. एक हातभर अंतरावर, एक मीटरभर लांब, एक दहा मीटरवर. तरुण डोळा त्यांच्यात झटपट उड्या मारतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि सत्तरीच्या आसपास त्या उड्या जवळपास बंदच होतात. स्कोपचा खरा उपयोग वस्तू मोठी दिसते हा नाहीच. फुली आणि टार्गेट एकाच प्रतलात दिसतात, डोळ्याला उडी मारावी लागत नाही, हा आहे. म्हणूनच मला वाटतं, स्कोपची जास्त गरज पोरांना नसून म्हाताऱ्यांना आहे. (ऑलिंपिकमधल्या दहा मीटरला भिंगवाला स्कोप चालत नाही, तिथे पीप साइट असते, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मीही सांगून टाकलं.)

तर त्यांनी दोन-अडीच हजारांचा 'थ्री टू नाइन बाय फॉर्टी' घेतला. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग चाळीस मिलिमीटरचं. नऊ पटीवर टार्गेटच्या जागी ढग दिसायचा. दुकानदार म्हणाला, काका, बारा पटीचा घ्या. चुलतभाऊ माझ्याशी फोनवर वेगळंच बोलला, "डोळे तपासायला नेऊ या, पण तूच सांग. आमचं ऐकत नाहीत. स्कूटरही चालवतात अजून." म्हणजे भांडण स्कोपचं उरलंच नव्हतं. स्कोप धड असेल तर अण्णांचे डोळे गेले आणि डोळे गेले तर स्कूटर गेली, असा सरळ हिशेब त्या घरात दोन्ही बाजूंनी मांडून ठेवला होता. अण्णांना स्कोप खराबच हवा होता.

आता त्या तीन गोष्टी. पहिली, आयपीसचा फोकस. डोळ्याजवळची कडी फिरवतो ती फक्त फुली स्पष्ट करायला असते, टार्गेट नव्हे. ही गोष्ट सोबतच्या कागदावर मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत आणि चिनीत छापलेली असते, मग कोण वाचणार? रिकामी बंदूक असताना स्कोप पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे करायचा (सूर्याकडे चुकूनही नाही), एक-दोन सेकंद बघायचं, डोळा हटवायचा, कडी थोडी फिरवायची, परत बघायचं. टक लावून फिरवत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि खोटं उत्तर देतो. नेम धरताना चष्मा लावणार असाल तर हे चष्मा लावूनच करायचं.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि स्वस्त स्कोपचं खरं दुखणं इथे आहे. हा माल मूळ अमेरिकेतल्या शिकारीच्या रायफलींसाठी बेतलेला. त्यातलं पुढचं भिंग कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर जुळवून पक्कं केलेलं असतं. दहा मीटरवरचं चित्र फुलीच्या प्रतलात पडतच नाही, मग डोळ्याने एक धरलं की दुसरं सुटतं. पट जितकी जास्त तितका ढग मोठा. तीन पटीवर तोच स्कोप बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. म्हणजे बारा पटीचा घ्या हा सल्ला पोट बिघडलेल्या माणसाला अजून दोन वडे खा म्हणण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे पॅरॅलॅक्स. ही दुसरीचीच बहीण, पण दिसत नाही म्हणून जास्त डांबरट. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या बायकोला स्पीडोमीटरचा काटा नेहमी दोन-चार किलोमीटर पुढेच दिसतो ना, तेच. काटा आणि आकडे एका प्रतलात नसतात, तिरकं पाहिलं की घसरतात. स्कोपमध्ये डोळा मधोमध नसेल तर फुली टार्गेटवरून तशीच घसरते. किती, याचा ढोबळ हिशेब आहे: पुढच्या भिंगाच्या व्यासाच्या निम्मं, म्हणजे २० मिलिमीटर, गुणिले अंतरातला फरक ८१, भागिले ९१. उत्तर जवळजवळ १८ मिलिमीटर. डोळा अगदी कडेला गेला तर होणारी ही जास्तीत जास्त चूक. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. १८ मिलिमीटर सरकलं की दहाच्या जागी तीन. हात अगदी स्थिर, श्वास रोखलेला, आणि तीन! माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, आणि वयस्कर माणूस तर लगेच घेतो.

दिवाळीत गेलो तेव्हा आम्ही दोघंच गच्चीवर बसलो. आयपीस जुळवला, पट तीनवर आणली. काळ्या पुठ्ठ्याची चकती कापून मध्ये १५ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि पुढच्या भिंगावर बसवली. उजेड कमी होतो, पण गच्चीवर उन्हाला काय तोटा? चित्र स्वच्छ होतं आणि पॅरॅलॅक्सची ती १८ ची चूक सातच्या खाली येते. फुकटात यापेक्षा चांगली दुरुस्ती मला तरी माहीत नाही. मी डाव्या डोळ्याने पाहिलं, उजव्या डोळ्याने पाहिलं, फुली कातरल्यासारखी. अण्णांनी डावा डोळा लावला. "आता कसं! बघ, मी म्हणत नव्हतो, माल बाद होता म्हणून?" मग नेहमीचा उजवा लावला. कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. परत फिरवली. काही बोलले नाहीत.

जवळचा-लांबचा नंबर असेल तर ती कडी तो बहुतेक खपवून घेते, चष्म्याचं काम तीच करते. पण कडी कुठेही नेली तरी फुलीभोवती धूर राहत असेल, आणि दुसऱ्या डोळ्याला तीच फुली स्वच्छ दिसत असेल, तर दोष काचेत नाही. तिरपा नंबर असू शकतो, मोतीबिंदू असू शकतो. नंबर म्हणजे भिंगाची चुकलेली जागा, ती फिरवून सुधारते. मोतीबिंदू म्हणजे भिंगच गढूळ, ते फिरवून काय होणार? मी हे एवढंच सांगितलं, डॉक्टरकीचा आव आणला नाही. अण्णा म्हणाले, "म्हणजे दोघंही बाद. हा पण आणि मी पण." मी म्हटलं, "अण्णा, तो शंभर यार्डांवर पक्का केलाय, तुमचं अजून काही पक्कं नाही." हसले नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात कुणालाही बरोबर न घेता जाऊन डोळे तपासून आले. उजव्यात मोतीबिंदू. डावा ठीक. डिसेंबरात ऑपरेशन झालं.

घरातल्यांना मला एवढंच सांगायचंय, आणि भावा, हे तुला आहे, रागावू नकोस. 'तुमचे डोळे गेले' हे वाक्य सहा महिने रोज ऐकून ते गेले नाहीत. एका स्वस्त नळीतून स्वतःच्या डोळ्याने स्वतःचा डोळा पाहिल्यावर गेले. आणि त्यांचं म्हणणं निम्मं खरंही होतं, हे कुणी मान्यच करत नव्हतं. स्कोप त्या अंतरासाठी चुकीचाच होता.

पुढचं भिंग काढून जुळवावं का, असं दोघा-तिघांनी विचारलंय. जुळवता येतं. भिंगाचं नाभीय अंतर दहा सेंटिमीटर धरलं तर ९१ मीटरवरून १० मीटरवर यायला ते जेमतेम एक मिलिमीटर बाहेर आणावं लागतं. पण आतला कोरडा वायू निघून जातो, पावसाळ्यात काच धुरकटते आणि वॉरंटी संपते. नवीनच घ्यायचा असेल तर पुढच्या भिंगावर अंतराची कडी असलेला, दहा यार्डांपर्यंत खाली येणारा घ्या, किंवा सरळ चार पटीचा साधा, एअरगनसाठी बनवलेला. डब्यावरचे मोठे आकडे विकण्यासाठी असतात. आणि स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्याला टिकेल असा आहे का हे दुकानदाराला विचारा. तो गोंधळला तर दुसरं दुकान गाठा.

अण्णांच्या उजव्या डोळ्यात आता लांबचं स्पष्ट दाखवणारं नवं भिंग आहे, त्यामुळे आयपीसची कडी पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागली. काकूच्या लाल नेलपॉलिशने त्यांनी तिथे खूण करून ठेवली आहे. शेजारी एक निळी खूण आहे, ती नातीची. पुठ्ठ्याची चकती अजून तशीच आहे.